गाडी ऑफिसात, ऊन छतावर

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या छतावर ५ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटर आहे, दिवसा बरीच वीज ग्रिडला जाते. आता इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, बॅटरी ४५ युनिटची. गाडी मीच चालवते, रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर. सकाळी साडेआठला निघते आणि घरी यायला सात वाजतात, म्हणजे ऊन असतं तेव्हा गाडी नाही आणि गाडी असते तेव्हा ऊन नाही! सोलरवाला म्हणतो १० युनिटची बॅटरी बसवा, दिवसा ती भरेल आणि रात्री ती गाडी भरेल. ह्यांचं म्हणणं पॅनेलच वाढवू. भावजी म्हणतात गाडीच्या टपावर पॅनेल लावा, कटकटच नको. शोरूमवाला ७.४ किलोवॅटचा चार्जर घ्या म्हणून रोज फोन करतोय. सध्या मी पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावते, प्लग हाताला कोमट लागतो. आणि लाइट गेली की सोलर पण बंद होतं, मग तेव्हा छतावर एवढं ऊन असून गाडी चार्ज होणारच नाही का? डोकं फिरलंय. काय करू?
– उन्हाची वेळ चुकलेली

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर, आधी तो कोमट प्लग.

आज रात्री गाडी लावाल तेव्हा गाडीच्या स्क्रीनवर नाहीतर ॲपमध्ये चार्जिंग करंटचं सेटिंग शोधा आणि १६ चं १० करा. काही गाड्यांमध्ये ते स्क्रीनवर नसतं, बरोबर आलेल्या केबलच्या डब्यावर बटण असतं, तिथे बघा. घरचं सॉकेट गिझर-इस्त्री असल्या थोडा वेळ चालणाऱ्या गोष्टींवर दिवस काढत असतं, गाडी मात्र तासन्‌तास सलग ओढते आणि आत एखादा स्क्रू किंचित ढिला असला तरी तिथेच तापायला लागतं. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १६ वरून १० वर आलात की उष्णता चाळीस टक्क्यांवर येते आणि वीज मात्र बासष्ट टक्के मिळत राहते. एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही. कोमट म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही, पण हात टेकवून ठेवता येत नाही इतका गरम झाला किंवा प्लगच्या पिनांभोवती प्लास्टिक तपकिरी दिसायला लागलं तर ते सॉकेट फेकून द्यायचं, पुसून परत वापरायचं नाही. आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज करत असाल तर ते आजच बंद करा, ह्यावर चर्चा नको.

मग सवडीने एक चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि डीबीपासून, म्हणजे घराचे मेन स्विच-फ्यूज असतात त्या डब्यापासून, गाडीसाठी वेगळी जाड वायर ओढून घ्या, त्या लाइनवर दुसरं काहीही नको, तिचा स्वतःचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट लीक झाला की पडणारा). आरसीसीबी घेताना टाइप विचारा. गाडीच्या चार्जिंगमध्ये बिघाड झाला तर थोडा डीसी करंट, म्हणजे बॅटरीतल्यासारखा एकाच दिशेने वाहणारा, लीक होऊ शकतो आणि जुन्या पद्धतीच्या टाइप एसी आरसीसीबीला डीसी आला की काही दिसेनासंच होतं, नेमका पडायला हवा तेव्हा तो पडत नाही. चार्जरच्या आतच ६ मिलिअँपिअरचं डीसी लीकेज पकडायची सोय असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी लागतो आणि तो महाग असतो, म्हणून चार्जर घेण्याआधीच हे विचारलेलं बरं. अर्थिंग पण मोजून घ्या, बऱ्याच गाड्या अर्थ नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि लोक उगाच गाडीला शिव्या घालत बसतात.

आता तुमचा खरा प्रश्न. पत्रात चार जणांनी चार सल्ले दिलेत, चौघांनी काही ना काही विकत घ्यायला सांगितलंय, आणि गाडी रोज वीज किती खाते हे एकाने पण विचारलेलं दिसत नाही. आधी तेच काढू.

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. हायवेला १२० ने पळवलीत तर त्याहून कमी, शहरात हळू चालवलीत तर जास्त. तुमचे ४० किलोमीटर म्हणजे बॅटरीतून सहा-साडेसहा युनिट गेले. भिंतीतून घेताना मात्र घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी होताना थोडं वाया जातं, दहा-पंधरा टक्के धरा, म्हणजे मीटरवर सात ते साडेसात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ३५-३६ युनिट. बस, एवढंच आहे. ७.४ किलोवॅटचा चार्जर हे सात युनिट एका तासात देईल आणि तुमचं सॉकेट १० अँपिअरवर सव्वातीन तासात देईल. गाडी रात्रभर उभीच आहे, मग एका तासात झालं काय आणि सव्वातीन तासात झालं काय. शोरूमवाल्याचा फोन तूर्त उचलू नका (त्याच्या चार्जरकडे मी नंतर येतो, कारण दुसऱ्याच एका कारणासाठी चांगला चार्जर घ्यायला हरकत नाही).

दुसऱ्या बाजूला तुमचं छत. ५ किलोवॅट हा आकडा प्रयोगशाळेतला असतो, १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि पॅनेलचं तापमान २५ अंश धरून काढलेला. छतावर दुपारी पॅनेल साठ अंशाच्या वर सहज जातं आणि दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, त्यात धूळ, वायर, इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसीची घरासाठी एसी करणारा डबा), म्हणून अगदी कडक उन्हात सुद्धा इन्व्हर्टरवर चार-सव्वाचारच दिसतात आणि लोकांना वाटतं फसवलं. फसवलेलं नाही. चांगल्या उन्हाच्या दिवशी तुमचं सोलर दिवसाला वीसच्या आसपास युनिट देईल, ढगाळ दिवशी त्याच्या पाव भाग सुद्धा देईल की नाही सांगता येत नाही. म्हणजे उन्हाळी महिन्यात साधारण सहाशे युनिट येणार आणि गाडी त्यातले दीडशे-पावणेदोनशे खाणार.

तेव्हा ह्यांना सांगा पॅनेल वाढवायच्या आधी मागच्या वर्षभराची बिलं काढून बसा. नेट मीटरच्या बिलावर दोन आकडे वेगवेगळे असतात, ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले. वर्षभरात दिलेले वजा घेतलेले ह्यात महिन्याला सरासरी दीडशेपेक्षा जास्त शिल्लक राहात असेल तर गाडी आहे त्याच पॅनेलमध्ये बसली, एक पण पॅनेल वाढवायची गरज नाही. शिल्लक पन्नास-साठच असेल तर दोन पॅनेल वाढवायचा विचार करा, पण इन्व्हर्टरमध्ये जागा आहे का आणि मंजूर लोड वाढवावा लागतो का ते विचारूनच. वर्षभराचंच बघायचं, एका महिन्याचं बघून ठरवलंत तर एप्रिलमध्ये वाटेल पॅनेल जास्त झाले आणि पावसाळ्यात वाटेल कमी पडले.

आता बॅटरी, म्हणजे सोलरवाल्याची आयडिया. ह्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हीच सगळ्यात महाग आहे आणि ऐकायला सगळ्यात बरोबर वाटते. दिवसा बॅटरी भरली, रात्री बॅटरीने गाडी भरली, उन्हावर गाडी पळाली, वा! पण ती वीज प्रवास किती करते बघा. पॅनेलमधून डीसी निघते, घरच्या बॅटरीत जाते, रात्री बाहेर येताना इन्व्हर्टरमध्ये तिची एसी होते, मग गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमध्ये परत डीसी होते आणि मग गाडीच्या बॅटरीत शिरते. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळते. घरच्या बॅटरीत घालून परत काढताना दहा-पंधरा टक्के गेले, गाडीत शिरताना आणखी दहा-पंधरा, म्हणजे छतावरचे दहा युनिट गाडीत पोचेपर्यंत साडेसात-आठ उरतात. आणि हे सगळं कशासाठी, तर जिच्यात आधीच ४५ युनिट मावतात ती गाडी भरण्यासाठी. टाकी घरात असताना ती भरायला बादली विकत घेतल्यासारखं आहे हे.

ह्यात अजून एक भानगड आहे जी सोलरवाला सांगत नाही, म्हणजे त्याच्या मनात काही काळं असतं असं नाही, त्याने बहुतेक स्वतःच्या घरी करून बघितलेलं नसतं. रात्री गाडी लावली की हायब्रिड इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरला, ते घरातलंच लोड वाटतं, तो पंखा आणि गाडी ह्यात फरक करत नाही, त्यामुळे तो इमानदारीत आख्खी बॅटरी गाडीत ओतून मोकळा होतो. मग पहाटे लाइट गेली तर फ्रिजला आणि पंख्याला काहीच शिल्लक नाही. म्हणजे ज्या कामासाठी घरची बॅटरी खरंच उपयोगी आहे तेच काम होत नाही. ज्यांच्याकडे बॅटरी आणि गाडी दोन्ही आहेत ते लोक उलट गाडी चार्ज होत असताना बॅटरी लॉक करून ठेवायची सेटिंग शोधत असतात! तुमच्याकडे लाइट सारखी जात असेल तर घरासाठी बॅटरी जरूर घ्या, पण घरासाठी घ्या. गाडीसाठी नको.

पण मग रात्री गाडीत जाते ती वीज उन्हाची नाही ह्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. इथे सगळं तुमच्या नेट मीटरच्या अटींवर आहे. दिवसा दिलेलं एक युनिट रात्री एक युनिट म्हणूनच परत मिळत असेल तर हिशेबाने तुम्ही आत्ता सुद्धा उन्हावरच गाडी चालवताय, ग्रिडच तुमची बॅटरी आहे, फुकटची आणि कधी म्हातारी न होणारी. तुमच्या छतावरची वीज दुपारी शेजारच्या एसीला गेली आणि रात्री तुम्हाला कुठल्यातरी लांबच्या प्लांटमधून आली, बिलात फिटंफाट. अशा वेळी घरची बॅटरी घेऊन एक पैसा वाचत नाही, उलट मगाशी सांगितलेली गळती पदरात पडते.

काही ठिकाणी मात्र दिलेल्या युनिटला कमी भाव आणि घेतलेल्या युनिटला जास्त भाव असतो, किंवा दिवसाचे युनिट दिवसाच्याच वापरातून वजा होतात आणि संध्याकाळच्या वापराला वेगळा महाग दर लागतो. जगात बऱ्याच ठिकाणी हळूहळू तिकडेच चाललंय, कारण दुपारी सगळ्यांच्याच छतावरून वीज येते आणि संध्याकाळी सगळ्यांनाच एकदम पाहिजे असते. तुमची अट अशी असेल तर दिवसा घरीच वीज वापरण्याला खरी किंमत आहे. पण कुठली पण अट असो, एक गोष्ट आजच बदला, सात वाजता घरी आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नका. म्हणजे केबल लावा, पण चार्जिंग रात्री बारा-एकनंतर सुरू होईल असं टायमर लावा. सात ते दहा ही ग्रिडवर सगळ्यात जास्त ताण असायची वेळ. तुमचे सव्वातीन तास सकाळी उठायच्या आत आरामात होतात.

टायमर लावताना एक लक्षात ठेवा, तो एकाच ठिकाणी लावायचा, गाडीत नाहीतर चार्जरमध्ये. दोन्हीकडे लावला की गाडी म्हणते एकला सुरू करते, चार्जर म्हणतो बाराला करतो, बाराला चार्जर वीज देतो तेव्हा गाडी घेत नाही, एकला गाडी जागी होते तेव्हा चार्जर वैतागून बंद झालेला असतो आणि सकाळी तुम्ही बघता तर गाडी होती तशीच. सर्व्हिस सेंटरला जाणाऱ्या कितीतरी तक्रारी निव्वळ एवढ्याच असतात.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुम्ही गाडी रोज रात्री लावता, पण रोज लावायची गरज कुठे आहे? ४५ युनिटची बॅटरी, सहा-सात किलोमीटर एका युनिटला, म्हणजे पूर्ण भरली तर २७०-३०० किलोमीटर. तुमचा आठवडा २०० चा. एकदा भरली की सोमवार ते शुक्रवार निघतो! म्हणजे तुमची अडचण गाडी दिवसा घरी नसते ही नाहीच आहे, ती फक्त पाच दिवस नसते. सुट्टीच्या दोन दिवशी ती घरी उभी असते आणि वर ऊन फुकट चाललेलं असतं. सकाळी साडेनऊला लावा, साडेतीनला काढा, १० अँपिअरवर सहा तासात १४ युनिट, दोन दिवसात २८. हव्या असलेल्या छत्तीसपैकी २८ थेट छतावरून, उरलेले आठ मधल्या एखाद्या रात्री घ्या. ना बॅटरी, ना नवीन पॅनेल. सुट्टीच्या दिवशी बाहेर गेलात तर तो आठवडा रात्रीच्या विजेवर, काही आभाळ कोसळत नाही.

हे बॅटरीच्या तब्येतीला पण चालतं, फक्त तुमच्या गाडीत कुठली केमिस्ट्री आहे, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) की एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली), ते मॅन्युअलमध्ये बघा. एनएमसी असेल तर रोजच्या वापरात ८०-९० टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि शंभर टक्के भरून भर उन्हात दिवसभर उभी करून ठेवणं हे तर सगळ्यात वाईट. एलएफपी असेल तर उलटं, कंपन्या स्वतःच सांगतात अधूनमधून पूर्ण शंभर करा, कारण एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि गाडीला किती टक्के उरलेत ह्याचा अंदाज चुकायला लागतो, शंभरला गेली की तो परत जागेवर येतो. एलएफपी असेल तर रविवारी दुपारी शंभर आणि सोमवारी सकाळी बाहेर, ह्याहून सोयीचं काय पाहिजे. एनएमसी असेल तर ८० ला थांबायचं, मग मधली ती एक रात्रीची चार्जिंग जरा मोठी होईल, इतकंच.

आणि ऑफिसात विचारलंत का हो? गाडी नऊ-साडेनऊ तास तिथे उभी असते, भर उन्हाच्या वेळेत. तिथे मोठा चार्जर नसला तरी चालेल, १० अँपिअरचं एक नीट सॉकेट आणि मीटर लावून पैसे घ्या म्हणावं. तीन-चार तासात तुमचा दिवस भरतो. मोठमोठ्या ऑफिसांच्या छतावर सोलर असतंच आणि त्यांना सुद्धा दुपारची वीज खपवायचीच असते. एचआरला एक मेल टाकायला काय जातंय.

आता चार्जर. सुट्टीच्या दिवशी गाडी १० अँपिअरवर लावली म्हणजे २.३ किलोवॅट गेले, सोलर चार देत असेल तर ठीक, पण मध्येच ढग आला, सोलर एकवर आलं, तर उरलेले ग्रिडमधून येणार. त्याच वेळी इस्त्री लावली तर अजून येणार. युनिटला युनिट मिळत असेल तर ह्याने काही बिघडत नाही, चार्जरचे पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या आणि त्या पैशात दुसरं काहीतरी करा. पण दिलेल्या युनिटला भाव कमी मिळत असेल तर असा चार्जर घ्या जो उरलेल्या सोलरएवढीच वीज गाडीला देतो. शोरूमवाल्याचा ७.४ वाला तसा असेल तर घ्या, नुसताच ७.४ चा असेल तर नको, कारण तो लावल्या लावल्या ३२ अँपिअर ओढणार, तुमचं अख्खं सोलर खाणार आणि वर ग्रिडमधून तीन किलोवॅट घेणार.

हे काम करतं कसं ते सांगतो, म्हणजे विक्रेत्याला नीट प्रश्न विचारता येतील. चार्जर आणि गाडी ह्यांच्यात केबलमध्येच एक बारीक सिग्नलची वायर असते, त्यावर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल जातो. त्यातला चालूचा भाग १० टक्के असेल तर गाडीने समजायचं ६ अँपिअरच्या वर घ्यायचं नाही, ५० टक्के असेल तर ३० अँपिअर. चार्जर हा आकडा वरखाली करत राहतो आणि गाडी ऐकते. पण ह्या स्टँडर्डमध्ये खालची मर्यादा ६ अँपिअर आहे, ५ नाही, ३ नाही. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे जवळपास १४०० वॅट. सोलरची शिल्लक त्याच्या खाली गेली की चार्जरने एक तर थांबायचं नाहीतर कमी पडेल ते ग्रिडमधून घ्यायचं. तुमचं कनेक्शन थ्री फेज असेल आणि गाडी पण थ्री फेजवर चार्ज होणारी असेल तर हीच मर्यादा तिप्पट होते, ४१०० वॅट, आणि तुमच्या ५ किलोवॅटच्या सोलरवर एवढी शिल्लक जवळजवळ कधीच राहणार नाही. लोक चांगला महाग थ्री फेज सोलर चार्जर आणतात आणि तो दिवसभर वाट बघत बसतो. म्हणून तुम्ही एक तर सिंगल फेजच घ्या, नाहीतर आपणहून एक फेज-तीन फेज बदलणारा घ्या.

अजून एक, अगदी ६ अँपिअरवर दिवसभर रडतखडत चार्ज करणं फायद्याचं वाटतं पण तितकं नसतं. चार्जिंग चालू असताना गाडीचे कॉम्प्युटर, पंप वगैरे जागे असतात आणि त्यांना लागणारी दोन-तीनशे वॅट तुम्ही सहावर घ्या नाहीतर सोळावर, तेवढीच लागते. १४०० तले तीनशे जाणं आणि ३६०० तले तीनशे जाणं ह्यात फरक आहे. त्यामुळे सेटिंगमध्ये शिल्लक दोन किलोवॅटच्या वर गेली की सुरू, आणि ढग आला तर लगेच बंद न करता पाच-दहा मिनिटं थांबून मग बंद, असं ठेवा. नाहीतर पांढऱ्या ढगांच्या दिवशी चार्जरमधला रिले, म्हणजे आतला स्विच, टकटक टकटक करत आख्खा दिवस चालू-बंद होत राहतो. ह्यांना असल्या गोष्टीत खुडबुड करायला आवडत असेल तर ईव्हीसीसी म्हणून एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, इन्व्हर्टर आणि चार्जर वेगवेगळ्या कंपनीचे असले तरी दोघांना बोलायला लावतं. आवडत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, रविवार जातो.

भावजींचं टपावरचं पॅनेल. आयडिया जुनी आहे हो, १९५५ मध्ये जनरल मोटर्सने सोलरवर चालणारी गाडी लोकांना दाखवली होती, फक्त ती १५ इंच लांबीची होती, खेळण्याएवढी. गाडीच्या टपावर दोन चौरस मीटर जागा मिळते, त्यात चारशे वॅटचं पॅनेल बसेल, ते आडवं झोपलेलं, तापलेलं, अर्धा वेळ झाडाच्या नाहीतर बिल्डिंगच्या सावलीत. दिवसाला एखादं-दीड युनिट, म्हणजे सात ते दहा किलोमीटर, ते पण गाडी दिवसभर उन्हात उभी केली तर, आणि मग संध्याकाळी गाडीत बसल्यावर भट्टी झालेली केबिन थंड करायला एसी त्यातलं बरंचसं खाऊन टाकणार. नेदरलँड्सच्या लाइटइयर कंपनीने पाच चौरस मीटर पॅनेल अंगावर घेतलेली गाडी खास त्यासाठी डिझाइन करून २०२२ मध्ये बनवायला घेतली, २०२३ च्या जानेवारीत उत्पादन बंद करावं लागलं. भावजींना सांगा तेच पॅनेल छतावर तिरकं लावलं तर जवळपास दीडपट वीज देईल आणि गाडी सावलीत राहील.

लाइट गेल्यावर सोलर बंद का पडतं, तर ते मुद्दाम बंद पडतं. ग्रिडवर वीज नाही असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या छतावरून लाइनमध्ये वीज शिरली तर तो मरेल. म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टरने क्षणात गप्प बसायचं असा नियमच आहे आणि ह्यात जुगाड करायला कुणी सांगितलं तर त्या माणसाला परत घरात घेऊ नका. बॅकअप आउटपुट असलेला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर तो घराला ग्रिडपासून तोडून आतल्या आत वीज देऊ शकतो, पण त्यावर गाडी चार्ज करायच्या फंदात पडू नका, ती क्षमता घराच्या कामाची असते. शिवाय तुमच्या गाडीत पाच दिवसांची वीज भरलेली असताना दोन-चार तास लाइट नाही म्हणून काय अडणार आहे?

उलट अशा वेळी गाडीनेच घराला मदत करायला हवी, आणि काही गाड्या करतात. मॅन्युअलमध्ये व्हीटूएल (व्हेइकल टू लोड, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय) असा शब्द आहे का बघा. असेल तर गाडीच्या चार्जिंग पोर्टला एक ॲडॅप्टर लावून थेट सॉकेट मिळतं, त्यावर फ्रिज, पंखा, राउटर आरामात चालतात. फक्त ती वायर घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी खुपसायची नाही, कधीच नाही, कारण तोच लाइनमन. आख्खं घर गाडीवर चालवायची सोय निसानने जपानमध्ये २०१२ मध्येच लीफसाठी आणली होती, २०११ च्या भूकंपानंतर तिथे त्याची निकड सगळ्यांनाच कळली होती. पण तिला खास दोन्ही बाजूंनी वीज नेणारा चार्जर लागतो आणि गाडीने पण परवानगी द्यावी लागते. त्याचं नवीन स्टँडर्ड २०२२ मध्ये आलंय, गाड्या हळूहळू येतायत. नुसतं त्यासाठी आत्ता काही विकत घेऊ नका.

तर ताई, आज करंट १० वर आणि टायमर बारानंतरचा. ह्या आठवड्यात वेगळी लाइन आणि ऑफिसला मेल. सुट्टीच्या दिवशी दिवसा चार्जिंग. बिलं काढून बसायचं काम ह्यांच्याकडे द्या. दोन महिने असं चालवून बघा, मग सोलर बघून चालणारा चार्जर हवासा वाटला तर बसवा, तोपर्यंत बहुतेक वाटणारच नाही.

बसवलातच तर इन्स्टॉलरला दुपारी बारा-एकच्या उन्हात बोलवा, संध्याकाळी नको. तो मेन लाइनवर एक चिमट्यासारखा सेन्सर लावेल, सीटी म्हणतात त्याला, त्यावर एक बाण छापलेला असतो आणि तो बाण उलटा लागणं ही ह्या सगळ्या प्रकारातली सगळ्यात कॉमन चूक आहे. तो जायच्या आधी गाडी लावून चार्जिंग सुरू करा आणि गिझर चालू करा. चार्जरवरचे अँपिअर कमी झाले पाहिजेत, गिझर बंद केला की परत वाढले पाहिजेत. गिझर लावल्यावर अँपिअर वाढले तर बाण उलटा आहे, मग घरात येणारी वीज त्याला बाहेर जाणारी वाटते आणि पहाटे अंधारात तुम्ही गिझर लावला की तो म्हणणार ऊन पडलं, भरा गाडी. हे तपासल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नका.